“मी ओरडले का नाही?”

गळ्यातली साखळी खेचली गेलेली, घरात चोर शिरलेली, रस्त्यात मार खाल्लेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात आणि हाच प्रश्न विचारतात. म्हणून गोव्यातल्या फोंड्यातला एक अनुभव, ओळख लपवून, सांगते.

निवृत्त शिक्षिका. सकाळी देवळात जाताना दुचाकीवरच्या दोघांनी मंगळसूत्र हिसकावलं. मागून स्कूटर आली की घाम फुटायचा, झोप उडालेली, देऊळ सुटलेलं. घरचे म्हणायचे, “सोनं गेलं, जीव वाचला ना!”

“जन्मभर वर्गात आवाज चढवला हो मी,” त्या म्हणाल्या. “आणि त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही.”

जिवावर बेतलं की शरीर लढतं, पळतं किंवा थिजतं, आपल्याला विचारत नाही, हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण लाज तशीच राहिली. नुसत्या माहितीने लाज जात नाही, असं माझं ठाम मत आहे. शरीराला जे आठवतं तिथपर्यंत जावं लागतं. झोप जरा सावरल्यावर मी विचारलं, “ताई, एवढा हिसका बसला, तुम्ही पडला कशा नाहीत?”

त्या गप्प झाल्या. डावा हात हळूहळू बाजूला गेला.

“गडगा... कुंपणाचा दगडी गडगा धरला होता मी. चिऱ्याने तळवा सोलवटला होता. आठवडाभर झोंबत होता.”

“हे कुणाला सांगितलंत?”

“मलाच आठवलं नव्हतं.”

मग त्या खूप रडल्या. एवढ्या वर्षांत असे क्षण मोजकेच वाट्याला आले, आणि योग्य वेळी योग्य प्रश्न सुचल्याचं समाधान मला आजही आहे. त्या दिवसापासून “मी काहीच केलं नाही” हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं. पुढे आधी फाटकापर्यंत, मग शेजारणीबरोबर कोपऱ्यापर्यंत, असं करत त्या देवळात पोचल्या.

घरच्यांना विनंती: “एवढं सोनं घालून गेलीसच कशाला?” हे विचारू नका. घडलेलं पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. सांगावंसं वाटेल तेव्हा ऐका. संशयिताला ओळखण्यासाठी ओळख परेडला बोलावलं तर तिथपर्यंत सोबत जा, परतल्यावरही थांबा, कारण त्या रात्री सगळं पुन्हा उसळतं. सुरुवातीला दचकणं, वाईट स्वप्नं स्वाभाविक आहेत. महिना उलटूनही रोजचे व्यवहार अडत असतील तर बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.