ग्रामपंचायतीला येणारा निधी नक्की जातो कुठे? सरपंच आणि ग्रामसेवक मिळून खातात का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला नि उत्तर लिहायला बसलो. मी निवृत्त ग्रामसेवक. (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, शिव्या त्याच आहेत.)

हिशेब बघायचा तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव निवडा. आराखडा आणि खर्च दिसेल. तिथे दिसतो तो मुख्यतः केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा. चौदाव्या आयोगात (2015-20) तो सगळा ग्रामपंचायतीला यायचा. पंधराव्यात (2020-26) 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10-10 टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. त्यातले 2021-22 पासून 60 टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छता. अबंधित 40 टक्क्यांतूनही पगार काढता येत नाहीत. सरपंचाकडे कोरा चेक असतो हा गैरसमज आधी काढून टाका.

माझ्या शेवटच्या गावात सरपंचांना मंदिरासमोर पेव्हर ब्लॉक बसवायचे होते. अबंधितचे पैसे संपलेले, बंधितचे खात्यात पडून. त्यांनी तोडगा काढला: कडेने फूटभर गटार काढायचं आणि सगळं काम 'सांडपाणी व्यवस्थापन' म्हणून दाखवायचं. अंदाजपत्रक करून द्यायलाही माणूस तयार होता. मी म्हटलं, वरच्या वस्तीची पाइपलाइन ग्रामसभेने मंजूर केलीय, आधी ती. पेमेंटला दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. मी ब्लॉकचं बिल टाकेना, ते पाइपचं पास करेनात. सहीचं डोंगल खिशात घालून फिरायचे. असा मार्च उलटला.

गावात बोंब झाली, ग्रामसेवकाने निधी परत घालवला! परत कुठला जातोय, खात्यातच होता. पुढच्या वर्षी त्यातूनच पाइप पडला. पण आमचे साडू त्याच गावचे. अजून प्रत्येक लग्नात पंगतीला ऐकवतात, "शासनाचा पैसा होता, तुमच्या खिशातून जाणार होता का? झाले असते ब्लॉक."

खिशातूनच जातो हो. आणि माझं स्पष्ट मत आहे, चोरीत जात नाही एवढा पैसा या ब्लॉकांत जातो. ब्लॉकचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. जमिनीखालच्या पाइपाला नारळ कोण फोडणार?

खाणारे नसतातच असं नाही. न झालेल्या कामांची बिलं मीही पाहिलीत, आमच्यातले काही निलंबितही झालेत. तेव्हा पोर्टलवरच्या आकड्यावर थांबू नका. माहिती अधिकारात 10 रुपयांत अर्ज करून त्या कामाची एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका मागा आणि टेप घेऊन जागेवर जा. लांबी-रुंदी जुळली नाही तर बोला.

आणि ग्रामनिधीचंही, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचंही विचारा, नमुना 5 ची रोकड वही बघा. त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च झाले का? हे कुणी विचारत नाही, कारण विचारायला जावं तर क्लार्क आधी थकबाकीची यादी काढतो. आमच्या साडूंचं नाव त्या यादीत बरंच वर होतं. घरपट्टीही आणि पाणीपट्टीही.