कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कच्या लेकवर (तळ्यावर) जाताय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: आम्ही दोघं टोरांटोजवळ मिसिसागाला राहतो, कनू (वल्ह्याने चालवायची निमुळती बोट) कधी चालवली नाही, पोहायलाही येत नाही. ओपियाँगो लेकचे फोटो जबरदस्त दिसतात, पहिल्यांदा तिथेच जावं का?

नको. ओपियाँगो हा पार्कातला सगळ्यात मोठा लेक, जवळपास ५८ चौरस किलोमीटर, आणि सकाळी कितीही शांत दिसला तरी दुपारी वारा सुटला की लाटा सरळ कनूत यायला लागतात, मग नवख्या माणसाला ना पुढे जाता येतं ना मागे वळता येतं. तुम्ही ‘कनू लेक’ नावाच्या लेकला जा. पार्कातून जाणाऱ्या हायवे ६० ला लागूनच आहे, कनू तिथेच भाड्याने मिळते, काठाकाठाने तासभर फिरा आणि मधून लेक पार करायच्या भानगडीत पडू नका. अर्थात तोही काही बिनधास्त घ्यायचा लेक नाही हं. चित्रकार टॉम थॉमसन, जो इथे फिशिंग गाइडचं कामही करायचा, तो जुलै १९१७ मध्ये याच लेकवर कनू घेऊन निघाला आणि आठ दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. कसा गेला यावर लोक अजून भांडतात, कागदोपत्री मात्र बुडून. लाइफजॅकेट प्रत्येकाच्या मापाचं बोटीत असावंच लागतं, कायदाच आहे तसा, पण नुसतं बुडाखाली घेऊन बसू नका, अंगात घाला आणि बक्कल लावा.

प्रश्न: मे महिन्याच्या लाँग वीकेंडला आलो तर?

मूस (भलंमोठं हरीण) दिसायचा चान्स चांगला, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ बाजूच्या चरात साठतं आणि ते चाटायला मूस हायवेपर्यंत येतात. पण लेकवरचा बर्फ एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला वितळलेला असतो, म्हणजे ऊन कितीही छान असू दे, पाणी बर्फगारच. त्यात पडलात तर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो, हातपाय चालत नाहीत. शिवाय ब्लॅकफ्लाय, म्हणजे चावणाऱ्या बारीक काळ्या माश्या. डास परवडले पण या नकोत, कानामागे चावतात आणि रक्त काढतात. मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट नाहीतर सप्टेंबर.

प्रश्न: तिथे स्पीडबोट, वॉटर स्कीइंग वगैरे मिळेल का?

स्कीइंग नाही. मोटरबोट मोजक्याच लेकवर चालते. तेवढंच हवं असेल तर जवळच्या मस्कोका भागातल्या लेकवर जा, इथे उगाच वैतागाल.

प्रश्न: आईबाबा पुण्याहून येणारेत, सत्तरीचे आहेत, बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना न्यावं का?

न्या की! कनूत बसवायलाच हवं असं कुठंय. लेक ऑफ टू रिव्हर्सला वाळूचा बीच आहे, खुर्च्या टाकून निवांत बसा. स्प्रूस बॉगची वाट दीडच किलोमीटरची, बरीचशी लाकडी फळ्यांवरून जाते, बाबांना हळूहळू जमेल. फक्त गाडीचं डेली परमिट आधीच ऑनलाइन काढून ठेवा, फॉलच्या (पानगळीच्या) रंगांच्या दिवसांत ते संपतात आणि तीन तास गाडी हाकून गेटवरून परत फिरायची वेळ येते.

प्रश्न: बॅककंट्रीत (रस्ते नसलेल्या आतल्या जंगलात) तंबू ठोकून राहायचंय पण बायको अस्वलाला घाबरते. आणि जेवणाचं काय?

वहिनींची भीती अगदीच खोटी नाही, १९९१ मध्ये ओपियाँगोच्या बेटावर काळ्या अस्वलाने दोघांचा जीव घेतला होता. पण असं फार फार क्वचित होतं, बहुतेक अस्वलांना तुमच्यात नाही, तुमच्या खाण्यात इंटरेस्ट असतो, आणि मला विचाराल तर मी अस्वलापेक्षा दुपारच्या वाऱ्यालाच जास्त घाबरतो. बॅककंट्रीत टिनचे कॅन आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत, त्यामुळे लोणच्याची बरणी घरीच ठेवा, प्लास्टिकच्या डबीत काढून न्या. थेपले, मेतकूट, घरी भाजून नेलेला उपम्याचा रवा, हे मस्त टिकतं. रात्री सगळं एका बॅगेत भरून तंबूपासून लांब, झाडाला उंच टांगा, खोडाच्या जवळ नको, काळं अस्वल झाडावर सरसर चढतं. टूथपेस्ट, साबण, मुलांच्या खिशातली चॉकलेटं, सगळं त्याच बॅगेत.