वाडी आधी की कारखाना?

प्रश्न : किर्लोस्करवाडी जुनं गाव की कारखान्यामुळे वसलेलं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी कारखाना, मग वाडी. बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला. १९१० साली तिथे निवडुंग नि साप. सोय एकच, शेजारची रेल्वे. माझे आजोबा शेवटपर्यंत स्टेशनला जुन्या नावाने ‘कुंडल रोड’च म्हणत! माळ साफ करून कामगारांनीच घरं उभी केली. माल कोणता? लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमीन नासते, ही शेतकऱ्यांची धास्ती मोडायलाच वेळ गेला. मला मात्र नांगरापेक्षा नवल वाटतं ते छापखान्याचं. १९२० मध्ये या आडमाळावरून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घरोघरी पोचलं.