भरती घड्याळात दिसेल, प्रवाह नाही

तारकर्लीजवळ कर्लीच्या खाडीत कायाक चालवायला भरती आणि प्रवाह दोन्ही दाखवणारं हातातलं उपकरण कुठलं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते असं एकच काही शोधू नका. भरतीची घड्याळं नि अॅप पाण्याची उंची सांगतात, तीही जवळच्या बंदराची. तुमच्या वल्ह्याखालचं पाणी किती जोरात पळतंय, हे त्यांच्या गावीही नसतं.

हे मी फजिती होऊन शिकलो. अॅपप्रमाणे ओहोटी अकराला संपत होती, म्हणून सव्वाअकराला मुखातून आत शिरायला गेलो. बाहेर समुद्र चढू लागला तरी आत साठलेलं पाणी उतरतच असतं. ते बारापर्यंत माझ्या अंगावर येत होतं. अर्धा तास वल्हवून मी त्याच माडासमोर!

वेळेसाठी इन्कॉइसचे, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे अंदाज फुकट मिळतात, निघण्याआधी घरीच बघा. ओल्या बोटांनी फोन चालत नाही. तिथीची पाऊणपट करायचं जुनं गणितही पाठ ठेवा: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा वाजता भरती. पण ते मुंबईच्या बाजूचं, मालवणकडे भरती आधी येते. उधाणाला, म्हणजे पुनव-अवसेच्या पुढचे एक-दोन दिवस, ओढ सगळ्यात जास्त. नवख्याने भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत शिकावं.

विकत घ्यायचाच तर बटणांचा, पाण्यावर तरंगणारा जीपीएस घ्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारं मॉडेल मात्र नको, परवान्याशिवाय ते आपल्याकडे बाळगता येत नाही. खाडीच्या मध्यावर वल्हं आडवं ठेवून मिनिटभर कायाक सोडून द्या. स्क्रीनवर दिसतो तो वेग प्रवाहाचा. वारा असला की हा आकडा फसवतो. तेव्हा मी जेटीवरून शहाळं सोडतो, दहा मीटर सुतळी बांधून. ते बरंचसं पाण्याखाली राहतं, त्यामुळे वारा त्याला फारसा ढकलत नाही. सुतळी ताठ व्हायला वीस सेकंद लागले तर प्रवाह एक नॉट (ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), दहा लागले तर दोन. आपण वल्हवणार तीन नॉटने, फार तर. म्हणून दोन दिसले की मी चहा सांगतो आणि जेटीवरच बसतो.

गाठ नीट मारा. माझी दोन शहाळी देवबागच्या संगमातून समुद्रात गेलीत.