नागपूरहून 12 जणांना थीम पार्कला न्यायचंय, स्वस्त काय पडेल: इमॅजिका की हैदराबाद?

हैदराबादच घ्या, आणि रेल्वेनं जा. इमॅजिका पार खोपोलीला. हैदराबाद नागपूरहून साधारण 500 किलोमीटर, आणि एवढ्या माणसांत खरा पैसा प्रवासातच जातो. आमच्या मोठ्या कुटुंबाला घेऊन गेलोय, त्यावरून सांगतो. स्लीपरचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करा. वेगळी बर्थ नको असेल तर 5 वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, 5 ते 12 वयाच्यांना अर्धं. हैदराबादच्या वंडरला या थीम पार्कात मात्र मुलांचं तिकीट उंचीवर ठरतं, वयावर नाही. पोरांची उंची घरीच मोजून हिशेब करा. आजी-आजोबा सोबत असतील तर मात्र रामोजी फिल्म सिटी बरी, तिथे बसमधून फिरवतात.