एकधोटी आणि कडियल : पैठणी घेताना कानावर पडणारे दोन शब्द

प्रश्न असा आलाय की लग्नासाठी पैठणी बघताना दुकानदार एकीला 'एकधोटी' म्हणाला, दुसरीला 'कडियल', आणि दुसरीची किंमत बरीच वर. मग एकधोटी म्हणजे हलका माल का? आणि शब्द एकधोटी की एकधोती?

आधी शब्दाचं. एकधोटीच, धोतराशी त्याचा काही संबंध नाही. हा शब्द धोट्यावरून आलाय. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे फेकतात ते होडीसारखं साधन, त्याच्या पोटात कांडी असते आणि कांडीवर बाण्याचा म्हणजे आडवा धागा गुंडाळलेला असतो. उभा धागा तो ताणा, तो मागावर आधीच ताणून लावलेला असतो.

एकधोटी पैठणीत एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो, म्हणजे अंगात (साडीच्या मधल्या मोठ्या भागात) जो बाणा तोच काठातही जाणार. ताणा हिरवा आणि बाणा लाल घेतला की साडी जरा हलवली तरी कधी हिरवी झाक दिसते कधी लाल, हीच ती धूपछाव, आणि ती मला तरी पैठणीचं सगळ्यात देखणं काम वाटतं. जुन्या पद्धतीच्या एकधोटीला नारळी काठ आणि अंगावर पैसा, वाटाणा अशा साध्या बुट्ट्या असायच्या. हिलाच 'कद' असंही नाव आहे, पूजेला पुरुष सोवळ्यात जे रेशमी वस्त्र नेसतात ते कद, तोच हा शब्द.

कडियलमध्ये (कुणी कडियाल लिहितात) तीन धोटे लागतात, डाव्या काठाचा एक, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक. काठाचा ताणा आणि बाणा दोन्ही एकाच रंगाचे, त्यामुळे अंग कुठल्याही रंगाचं असो काठाचा रंग एकदम स्वच्छ उठून दिसतो, त्यात अंगाचा रंग मिसळतच नाही. पण मग काठ आणि अंग दोन वेगळे तुकडे व्हायला नकोत म्हणून जिथे ते भेटतात तिथे प्रत्येक ओळीला काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवून मागे वळवावा लागतो. एका ओळीसाठी एकदा नाही, तीनदा धोटा टाकायचा आणि दोन ठिकाणी गुंतवण सांभाळायची, किंमत चढते ती यामुळे. कांजीवरममध्ये याच कामाला कोरवै म्हणतात. आपल्याकडे विदर्भात टसरची करवतकाठी साडीही तीन धोट्यांवरच होते, फक्त तिथे गुंतवण पायरीपायरीने सरकवतात म्हणून काठाला करवतीसारखे दाते येतात.

म्हणजे हे दोन्ही शब्द बाणा कसा गेला ते सांगतात, दर्जा नाही. हातमागावरची, चांगल्या रेशमाची एकधोटी अजिबात हलकी नसते, आणि कडियल म्हटलं म्हणून रेशीम किंवा जर आपोआप चांगली होत नाही. मला खरंच वाईट वाटतं ते याचं की आता नुसत्या रुंद आणि वेगळ्या रंगाच्या काठाला सरसकट कडियल म्हणून खपवतात, सेमी पैठणीवर (मिश्र धाग्याच्या, स्वस्त पैठणीवर) सुद्धा. बनारसीतला 'कढुआ' हा पण वेगळाच प्रकार, त्यात एकेक बुट्टी सुटी विणतात, ऐकायला जवळचा वाटतो म्हणून लोक घोळ करतात. जीआय टॅगचंही (भौगोलिक मानांकनाचंही) तसंच, पैठणीला तो २०१० मध्ये मिळाला पण त्यावरून साडी एकधोटी की कडियल ते कळत नाही.

बघायचं कसं? काठ आणि अंग जिथे जुळतात ती रेघ उजेडात धरा आणि साडी उलटी करूनही बघा. अंगाचा आडवा धागा त्या रेघेपाशी वळून मागे फिरताना दिसला आणि काठात दुसऱ्याच रंगाचा धागा सुरू झाला तर कडियल. तोच धागा सरळ काठात शिरत असेल, काठाच्या रेशमी भागात अंगाच्या रंगाची झाक असेल, तर एकधोटी. जरीने गच्च भरलेल्या काठात हे पटकन दिसत नाही, तिथे काठाच्या कडेची साधी रेशमी पट्टी बघायची. आणि दुकानात 'कडियल आहे का' असं विचारू नका, हो म्हणतीलच, त्यापेक्षा 'काठाचा धोटा वेगळा आहे का' असं विचारा, ज्याला मागाची माहिती आहे तो लगेच साडी उलटी करून ती रेघ दाखवेल.