रंगमंचावरचा कार्यक्रम शूट करताना ४के ६० ठेवू की १०८०पी ३०?

तुम्हाला नृत्य, गाणी आणि भाषणं असा तीन तासांचा कार्यक्रम एकट्याने, एकाच कॅमेऱ्यावर शूट करायचाय आणि ४के ६० की १०८०पी ३० हे ठरत नाहीये. (४के आणि १०८०पी म्हणजे चित्रात तपशील किती; ६० आणि ३० म्हणजे फ्रेम रेट, सेकंदाला किती फ्रेम म्हणजे चित्रं टिपायची.) मी दोन्ही सोडून तिसरं सांगेन: ४के घ्या, पण फ्रेम रेट २५ किंवा ३० ठेवा. यातलं २५ की ३०, हे मात्र हॉलमधल्या दिव्यांवरून ठरवा.

वीज ५० हर्ट्झची असेल तिथे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, ६० हर्ट्झची असेल तिथे १२० वेळा. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेरा मात्र पकडतो. म्हणून ५० हर्ट्झच्या ठिकाणी २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) १/५० सेकंद, आणि ६० हर्ट्झच्या ठिकाणी ३० फ्रेम आणि शटर १/६०. हे जुळलं नाही तर चित्रावर आडवे पट्टे सरकत राहतात किंवा उजेड फडफडतो, आणि एडिटिंगमध्ये कितीही झटलं तरी ते पूर्ण जात नाही. कलाकारांच्या मागे एलईडी वॉल असेल तर तिचं गणित आणखी वेगळं असतं. कार्यक्रमाआधी ती चालू करायला लावा आणि शटर थोडं थोडं वर-खाली करून पट्टे कुठे नाहीसे होतात ते बघा. हे काम प्रेक्षक आत यायच्या आधीच होतं, नंतर कोणी थांबत नाही.

मग ६० का नको? उजेडासाठी. फ्रेम दुप्पट केल्या की हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून शटरही साधारण दुप्पट वेगाचं ठेवतात, म्हणजे प्रकाश निम्मा. निळ्या मंद दिव्यात नृत्य चाललं असेल तर तो निम्मा प्रकाश आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवूनच भरून काढावा लागतो आणि काळ्या पडद्यावर दाणे दिसू लागतात. शिवाय काही कॅमेरे ४के ६० ला सेन्सरचा मधला भागच वापरतात, त्यामुळे अख्खं स्टेज फ्रेममध्ये बसत नाही. भाषणाला तर ६० फ्रेमचा काडीचाही उपयोग नाही. स्टेज लख्ख उजळलेलं असेल आणि गिरक्या स्लो मोशनमध्ये हव्या असतील, तर तेवढ्या नृत्यापुरतं ५० किंवा ६० जरूर घ्या.

आता ४के चा खरा फायदा. ३८४० × २१६० म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट पिक्सेल. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून सगळं स्टेज घ्या आणि एडिटिंगची टाइमलाइन (जिच्यावर क्लिप जोडतात ती पट्टी) १०८०पीची ठेवा. वक्ता बोलताना पुढे झुकला की त्याच फ्रेममधून त्याचा अर्धा देह कापून घेता येतो, आणि तपशील कमी पडत नाही. एका कॅमेऱ्यातून दोन कॅमेऱ्यांचं काम होतं. दुपटीपेक्षा जास्त मोठं करू नका, आणि फोकस आधी नीट तपासा, कारण मोठं केलं की थोडासा हललेला फोकसही उघडा पडतो.

पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट: रेकॉर्डिंग मध्येच थांबता कामा नये. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ जीबी लागतात, तीन तासांना १३५. म्हणजे १२८ जीबीचं कार्ड शेवटच्या सत्कारातच दगा देईल. फोटोसाठी बनवलेले बरेच जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात, काही ४के मध्ये तापून बंद पडतात. तुमचा कॅमेरा तीन तास ४के पेलत नसेल तर बिनदिक्कत १०८०पी घ्या. सुटलेला प्रसंग पुन्हा कोणी करून दाखवणार नाही, मऊसर चित्र मात्र कोणाला खटकत नाही.

दुसरा कोन म्हणून फोन लावणार असाल तर त्यावरही तोच फ्रेम रेट ठेवा. पुष्कळ फोन तो मधेमधे कमी-जास्त करतात आणि तासाभराने आवाज ओठांपासून सुटतो. अशी फाइल आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदला, मगच टाइमलाइनवर घ्या.

आदल्या दिवशी याच सेटिंगवर, चार्जर जोडून, घरीच कॅमेरा सलग तीन तास चालवून बघा.